कशासाठी निघालात?

महाराष्ट्रात सायकलवरून लांब जाणाऱ्या माणसाकडे कारण असावं लागतं. मोटारीतून निघालेल्याला कुणी काही विचारत नाही. तो लग्नाला, देवाला नाहीतर कोर्टाच्या तारखेला निघाला असणार, हे लोकांनी धरलेलंच असतं. पण डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, अंगात पोपटी झगमगीत काहीतरी आणि खाली गुडघ्यापर्यंत घट्ट चड्डी अशा अवतारात पन्नाशीच्या आसपासची चार माणसं चहाच्या टपरीपुढे उतरली, की कपबशा विसळणारा हात थांबतो आणि प्रश्न येतो, "कशासाठी निघालाय?" त्याच्या मागोमाग येणारा "किती पडली?" हा प्रश्न सायकलीबद्दलचा. त्याचं उत्तर त्याहून अवघड, म्हणून ते नंतर.

आळंदी ते पंढरपूर हा माउलींच्या पालखीचा रस्ता आम्ही सायकलवरून केला तो निव्वळ सुट्टी म्हणून. आधी यादी मोठी होती. कन्याकुमारी रजेत बसेना. कोकणातला सागरी मार्ग नावाला सागरी असला तरी दर खाडीला खाली उतरवतो आणि पलीकडे पुन्हा डोंगरावर चढवतो. पालखी मार्गाचं तसं नाही. एकदा दिवे घाट चढून गेलात की पंढरपूरपर्यंत रस्ता डोकं वर काढत नाही. अंतर म्हणाल तर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे हा निर्णय भक्तीनं घेतला नाही, आमच्या गुडघ्यांनी घेतला. आमच्यातले डॉक्टर हाडांचे आहेत, त्यामुळे गुडघ्यांबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बोललं की ते लगेच एक्स-रे काढू म्हणतात. तिसरे काका, बँकेतून निवृत्त झालेले. खर्चाची वही त्यांच्याकडे. चौथा वयानं लहान, सॉफ्टवेअरमधला. त्याला आम्ही ॲपवाला म्हणतो, कारण मोबाईलमधल्या ॲपनं नोंद केली नसेल तर आपण घराबाहेर पडलो होतो यावरच त्याचा विश्वास नसतो.

आषाढात जायचा प्रश्नच नव्हता. त्या दिवसांत तो रस्ता चालणाऱ्यांचा असतो, तिथं सायकल घालणं म्हणजे लाखो लोकांच्या मध्ये घंटी वाजवत फिरणं. रजा जमली ती दिवाळीनंतर. कार्तिकी एकादशी नुकतीच पार पडली होती आणि हवा सुरेख पडली होती. आता या दिवसांत त्या रस्त्यावर काय चाललेलं असतं, ते शहरात राहणाऱ्यांना फारसं ठाऊक नसतं. ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली ती कार्तिक वद्य त्रयोदशीला. त्यामुळे पंढरीची कार्तिकी आटोपली की दिंड्या तिथून आळंदीकडे निघतात. आषाढात सगळा महाराष्ट्र देवाकडे जातो, कार्तिकात देव भक्ताकडे येतो, असा हा व्यवहार आहे. आणि आम्ही चौघं त्याच सुमारास आळंदीहून पंढरपूरकडे निघालो. रस्ता बरोबर, दिशा बरोबर, फक्त समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या दृष्टीनं आम्ही उलटे.

हे पहिल्यांदा कळलं दिवे घाटात. पुणे शहरातून सायकल बाहेर काढणं हा या प्रवासातला सर्वांत खडतर टप्पा, त्याबद्दल मी लिहिणार नाही. पुणेकरांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना पटणार नाही. हडपसर मागं पडलं, घाट सुरू झाला आणि सर्वांत हलक्या गिअरवर पाय गरागरा फिरवत आम्ही जवळजवळ जागच्या जागी चढू लागलो. खाली मस्तानी तलाव दिसतो, त्याच्याकडे बघायला थांबलो असं म्हणायची सोय तिथं आहे. प्रत्येक वळणावर आम्हाला तो बघायचा होता. आषाढात हाच घाट चढताना माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात, हे डॉक्टरांनी धापा टाकत सांगितलं. एवढ्यात वरून एक छोटी दिंडी टाळांच्या ठेक्यात उतरत आली. पुढं पताका, मध्ये डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, मागं वीणेकरी. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं मला हात जोडले, आमच्या चार सायकलींवर नजर फिरवली आणि काळजीनं म्हणाला, "माउली, उलटं निघालासा की!"

मी म्हटलं, "आम्ही पंढरपूरला निघालोय."

"पन देव तर हिकडं यायलाय."

हा युक्तिवाद इतका बिनतोड होता की काकांनी सायकल वळवली असती. पण उतारावर ब्रेक धरणं त्यांच्या मनगटाला मानवत नाही.

सासवडपासून एक गोष्ट जाणवायला लागली. हा रस्ता पायांच्या मापानं बेतलेला आहे. सोहळ्याला आजचं रूप दिलं हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकात. ते शिंद्यांच्या पदरी होते. लष्करातला माणूस, त्यामुळे मुक्काम कुठं, विसावा कुठं, दुपारचं जेवण कुठं, कुणी कुणाच्या पुढं चालायचं, सगळं ठरलेलं. पुण्याहून सासवड हा लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर. लोणंद ते तरडगाव मात्र जेमतेम आठ-नऊ. चालणारा माणूस दमून जिथं बसेल तिथं शेकडो वर्षांत गाव त्याची वाट बघायला शिकलं आहे. सायकलवाल्याचं तसं होत नाही. त्याला विसाव्याची जागा लागते तेव्हा त्याला विसावा नको असतो आणि जेवणाचं गाव सकाळी साडेनऊलाच येतं. वाल्ह्याला, जिथं वाल्मिकींची जागा दाखवतात, तिथं आम्ही पोचलो तेव्हा आम्हाला ना भूक लागली होती ना तहान. दमायचंही राहून गेलं होतं. देवळात टेकलो, पण खोटं खोटं टेकल्यासारखं वाटलं. पुढं नीरेचा पूल ओलांडला तेव्हाही तेच. आषाढात इथं माउलींच्या पादुकांना नदीत स्नान घालतात आणि पालखी पुणे जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात शिरते. पूल ओलांडायला सोहळ्याला जो वेळ लागतो त्यात हजारो माणसं नदीला हात जोडतात. आम्ही पूल ओलांडला तेव्हा ॲपवाल्याचे शब्द होते, "ॲव्हरेज बावीस पडतंय, थांबू नका."

त्याच्या आधी जेजुरी झाली होती. ती सायकलीच्या दृष्टीनं महत्त्वाची. गडाच्या पायऱ्या चढून खंडोबाचं दर्शन घेतलं, खाली आलो, तर भंडाऱ्याच्या दुकानातल्या बाईंनी आपलेपणानं चारही सायकलींची पूजा करून ठेवली होती. नवीन ट्रॅक्टरची करतात तशीच. हॅन्डलला हळद, सीटला हळद, आणि कुठलंही यंत्र चालतं ते साखळीमुळे हे ओळखून साखळीवर मूठभर. आता सायकलच्या साखळीला आम्ही घालतो ते तेल परदेशातून येतं, त्याची इवलीशी बाटली असते आणि तिच्यावर धूळ बसू देऊ नका म्हणून बजावलेलं असतं. त्या तेलात भंडारा कालवला की दाट पिवळी चटणी तयार होते. ती पॅडलबरोबर फिरते, दातऱ्यांत शिरते आणि तिथून थेंबाथेंबानं उजव्या पोटरीवर येते. पुढं पंढरपूरपर्यंत आम्ही चौघं उजव्या पायानं मल्हारी आणि डाव्यानं शहरी होतो. साखळी मात्र एकदाही उतरली नाही, हे नमूद केलं पाहिजे. काका याचं श्रेय तेलाला देत नाहीत.

आता रस्त्याबद्दल. पालखी मार्ग म्हटल्यावर डोळ्यांपुढे दोन्हीकडे वडाची झाडं येतात, ती जुन्या लोकांच्या. सध्याचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. 8 नोव्हेंबर 2021 ला त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. दिवे घाटापासून मोहोळपर्यंत 221 किलोमीटर, आणि दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्या वारकऱ्यांसाठी वेगळी वाट. ही वाट जिथं झाली आहे तिथं ती आषाढातले मोजके दिवस वारकऱ्यांची असते. एरवी तिच्यावर काय काय चालतं, हे बघायला सायकलसारखं वाहन नाही. दिवाळीनंतर पहिला हक्क मक्याचा. शंभर शंभर पावलं लांब मका वाळत पसरलेला आणि टोकाला राखण करणारी म्हातारी. मग शेळ्या. मग पलीकडच्या बाजूला जायला दीड किलोमीटरवरचं वळण गाठण्यापेक्षा याच बाजूनं उलटी येणारी मोटारसायकल, तिच्यावर तिघं आणि एक गवताचा भारा. सरकारनं रस्ता बांधला आणि त्याच्या कडेला न मागता एक लांबलचक खळं दिलं, असं लोकांचं मत पडलेलं दिसलं. आमच्यात इथं तात्त्विक भांडण झालं. काकांचं म्हणणं, सायकलला इंजिन नाही, तेव्हा ती पायीच धरावी आणि कडेच्या वाटेनं जावं. ॲपवाल्याचं म्हणणं, मक्यावरून सायकल घातली तर वेग पडतो. मक्याच्या म्हातारीचं म्हणणं यांहून स्पष्ट होतं, पण ते छापता येण्यासारखं नाही.

सायकलवाला पायी धरावा की वाहन, हा प्रश्न जगात इतरत्रही पडलेला आहे. स्पेनमध्ये सांतियागो दे कोम्पोस्तेलाला जाणारी अशीच एक जुनी यात्रेची वाट आहे. तिथं यात्रा पुरी केल्याचं प्रमाणपत्र चर्चकडून मिळतं. पायी येणाऱ्यानं शेवटचे निदान शंभर किलोमीटर चालायचे, आणि सायकलवाल्यानं दोनशे चालवायचे. म्हणजे चर्चनं बसून हिशोब केला आणि सायकलवरचं पुण्य निम्म्या भावानं लावलं. तिथल्या सार्वजनिक धर्मशाळांमध्येही आधी चालणाऱ्यांना जागा देतात, उरली तर सायकलवाल्यांना. हे मी फलटणच्या मुक्कामात सांगितलं तेव्हा काकांच्यातला बँकवाला जागा झाला. "निम्मा भाव जास्तच दिलाय," ते म्हणाले. "उताराचे किलोमीटर वजा करायला पाहिजेत." पंढरपुरात प्रमाणपत्र मिळत नाही, ही पांडुरंगाचीच कृपा. मिळत असतं तर आपल्याकडे त्याला एजंट लागले असते.

फलटणला पालखीचा तळ विमानतळावर पडतो. हे वाक्य मुंबईच्या माणसाला सांगितलं की तो चकित होतो. विमानतळ आहे, मैदान मोठं आहे, आणि आषाढात तिथं तंबूंचं शहर उठतं. संध्याकाळी समाजआरतीला चोपदार दंड उंच करतात, की एवढ्या हजारो लोकांत शांतता पसरते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिच्याकडे जाऊन गाऱ्हाणं ऐकून घेतात. हरवल्या-सापडल्याची पुकारणीही तिथंच होते. तक्रार निवारणाची इतकी सुटसुटीत पद्धत मी कुठल्या कचेरीत पाहिलेली नाही. आमच्या चौघांत तक्रारींसाठी व्हॉट्सॲप ग्रुप होता. एकाच खोलीत बसून आम्ही त्याच्यावर तक्रारी करत होतो, आणि शांतता पसरत होती ती फक्त खर्चाची वही निघाली की.

फलटणच्या पुढं, बरड ओलांडल्यावर, माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. जवळ जास्तीची ट्यूब होती, पण काकांनी ती काढू दिली नाही. समोर लिंबाच्या झाडाखाली पंक्चरचं दुकान असताना नवी ट्यूब वापरणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. झाडाला जुने टायर टांगलेले, खाली पाण्याचं घमेलं, बाजूला हवेचा कॉम्प्रेसर आणि एका पोत्यावर मिस्त्री. त्यांनी उठायची घाई केली नाही. आधी बसल्या जागेवरून सायकल डोळ्यांखालून घातली.

"श्टँड कुठाय?"

"या सायकलला नसतो."

"कॅरेज?"

"तोही नसतो."

"मडगार्ड न्हाय, चेनकव्हर न्हाय." आता ते उठले आणि सायकलभोवती फिरले. "घंटी?"

घंटी होती. माझी मान वर झाली. त्यांनी ती वाजवून पाहिली. करंगळीच्या नखाएवढी घंटी, तिचा आवाजही तेवढाच.

"किती पडली?"

या प्रश्नाची प्रत्येक सायकलवाल्याकडे तीन उत्तरं असतात. एक घरी सांगितलेलं, एक रस्त्यात सांगायचं आणि एक खरं. मी रस्त्यातलं सांगितलं. मिस्त्रींनी ते ऐकून घेतलं, सायकल एका हातानं उचलली, तिचं वजन तोललं आणि जवळ उभ्या असलेल्या पोराला म्हणाले, "बघ. जेवढं सामान काढत जाशील तेवढी किंमत वाढत जाती." पुढं चाक सोडवताना, ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधताना, काटा चिमटीत धरून उन्हात बघताना ते त्याच विचारात होते. अडचण आली ती हवा भरताना. आमच्या ट्यूबची नळी बारीक आणि कॉम्प्रेसरचं तोंड मोटारसायकलच्या मापाचं. ते काही केल्या बसेना. शेवटी आमच्याकडचा वीतभर पंप काढला आणि डॉक्टरांनी घाम गाळत हवा भरली. एवढा वेळ मिस्त्री विडी ओढत शेजारी बसून होते.

"आन कशासाठी निघालाय म्हनं?"

या प्रश्नाला लोक आम्हाला पर्यायही देत असत. सासवडला एकानं विचारलं होतं, पर्यावरणाचं हाय का? लोणंदला, स्पर्धा का? नीरेच्या टपरीवर एका शिक्षकांनी आम्हाला शाळेत येऊन मुलांना व्यसनमुक्तीवर चार शब्द सांगायला बोलावलं, तेव्हा ॲपवाल्याच्या हातात सिगारेट होती. कुणाला वाटायचं पेट्रोल परवडत नाही, कुणाला वाटायचं नवस. "सहज" हे उत्तर कुणालाच मान्य नव्हतं. "सहज" म्हटलं की समोरचा माणूस जरा बाजूला घेऊन हळू आवाजात विचारी, घरी सगळं बरं आहे ना? त्यामुळे डॉक्टर तोवर शिकले होते. ते मिस्त्रींना म्हणाले, "दर्शनाला."

"मग ठीक हाय," मिस्त्री म्हणाले, आणि पैसे घ्यायला तयार होईनात. काकांनी वहीत पंक्चरपुढे शून्य मांडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात "धर्मादाय" लिहिलं.

इथून पुढं रस्त्यावर उसाचं राज्य. गाळपाचा हंगाम सुरू झालेला. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांतून दोन्ही बाजूंना बाहेर आलेली उसाची वाढं, आणि ट्रॅक्टरवर घरातल्या लग्नालाही लावणार नाहीत एवढे मोठे कर्णे. शेजारून जाताना गाणं आधी छातीत ऐकू येतं, नंतर कानात. सायकलवाल्याला ट्रॉलीबद्दल मात्र माया असते. ती त्याच्याच वेगानं चालते आणि तिच्या मागं वारा लागत नाही. धर्मपुरीला आम्ही सोलापूर जिल्ह्यात शिरलो ते एका ट्रॉलीच्या आडोशानं, हातात तिचाच पडलेला ऊस घेऊन. ॲपनं त्या तासाला आमचा आजवरचा सर्वांत चांगला वेग नोंदवला.

नातेपुतं सोडून माळशिरसकडे जाताना दुपारी एक दिंडी उतरलेली दिसली. रस्त्यालगत आंब्याची दोन-तीन झाडं, खाली सतरंज्या, बाजूला दिंडीचा ट्रक. वारकऱ्याबद्दल शहरात एक समजूत आहे, की तो एक पिशवी आणि टाळ घेऊन वाऱ्यावर निघतो. हौसेनं वारीला गेलेले लोकही परत आल्यावर असंच सांगतात. प्रत्यक्षात दिंडीला ट्रक असतो. त्यात तंबू, पातेली, शेगड्या, वळकट्या, आजाऱ्यांसाठी जागा. दिंडीत जेवायचं तर आधी भिशी भरावी लागते. भांडी घासण्यापासून पाणी आणण्यापर्यंत कामांची वाटणी असते. आमच्या सायकलींवर आम्ही आमचं सगळं ओझं स्वतः वाहत होतो, यात साधेपणापेक्षा नियोजनाचा अभाव जास्त होता.

आम्ही थांबलो पाणी प्यायला. पण दिंडीजवळ थांबलेल्या माणसाला पाण्यावर कुणी सोडत नाही. पत्रावळी पुढं आल्या. ज्वारीची भाकरी, पिठलं, भात, लाल आमटी. काका उभे राहून विनयानं म्हणाले, "आम्ही भिशी भरलेली नाही." त्यावर वाढणारा म्हणाला, "बसा की. देव काय पावती मागतोय?" डॉक्टर बसले, पण मांडी घालताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारची म्हातारी वळली. सत्तरीच्या पुढची. कपाळावर बुक्का, तळव्यांना भेगा, पायातली चप्पल काढून उशाला ठेवलेली.

"पाय दुखत्यात व्हय, लेकरा?"

"पाय नाही, आजी," डॉक्टर म्हणाले. "बसायची जागा."

आजी मनापासून हसली. एवढे पैसे घालून बसून जायचं आणि दुखायचीही बसायचीच जागा, हे तिनं पलीकडच्या दोघींना सांगितलं, त्यांनी पुढं सांगितलं, आणि ही बातमी पंगतीच्या शेवटापर्यंत गेली. मग तिनं तो प्रश्न विचारलाच. कशासाठी निघालाय? डॉक्टर दर्शनाचं नाव घेणार एवढ्यात काकांना काय वाटलं कोण जाणे, ते खरं बोलले. म्हणाले, "आजी, सुट्टी आहे. घरून चार दिवस बाहेर पडायचं होतं."

मला वाटलं, आता ही हळू आवाजात विचारणार, घरी सगळं बरं आहे ना. पण आजीनं भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला आणि म्हणाली, "मग आमी तरी कशाला येतो? काढणी झाली, दानं घरात पडलं. आता चार दीस सैपाक दुसऱ्यानं करायचा, आपुन आयतं खायाचं, अभंग म्हनायचं. घरी सुनंला म्हनावं, बस वाट बघत." मग तिला एकदम आठवलं, की असं उघड बोलू नये. तिनं टाळ कपाळाला लावला आणि "पांडुरंगा" म्हणाली.

या रस्त्यावर आमचं कारण जिला मान्य झालं अशी ती एकटीच. वारीबद्दल आपण फार गंभीर चेहऱ्यानं लिहितो, असं माझं मत तेव्हापासून झालं आहे. भक्ती आहे, शिस्त आहे, ते सगळं खरंच. पण वर्षभर चुलीपुढे वाकलेल्या बाईला रांधल्याशिवाय जेवायला मिळतं, मोकळ्या आभाळाखाली मोठ्यानं गाता येतं, फुगडी घालता येते, आणि त्याबद्दल घरात कुणी ब्र काढू शकत नाही कारण मध्ये पांडुरंग आहे. एवढी सोयीची सुट्टी आमच्या कुणाच्या कंपनीनं दिलेली नाही.

वेळापूरच्या अलीकडे धावा लागतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. आषाढात सगळे वारकरी इथं उतारावरून पळत सुटतात. सबंध प्रवासात आम्ही परंपरेप्रमाणे केलेली ही एकच गोष्ट. ब्रेक सोडले आणि चौघंही उतारावर सुटलो. समोरून चढून येणाऱ्या दोन वारकऱ्यांनी घाईनं बाजूला होत "माउली माउली" केलं. ते भक्तीनं की भीतीनं, हे विचारायला थांबता आलं नाही. ॲपनं "तुमचा वेग धोकादायक आहे का?" असं काहीतरी विचारलं.

वाखरी आली. आषाढात सगळ्या पालख्या इथं एकत्र येतात. आता होती ती नुसती मोकळी मैदानं आणि क्रिकेट. पुढं पंढरपूर. तिथं असा पेच उभा राहिला जो संतांच्या काळी नव्हता. सायकली ठेवायच्या कुठं? सायकलला स्टँड नाही, कुलूप आहे पण ते दोऱ्याएवढं, आणि शेवटच्या किमतीचा, म्हणजे खऱ्या किमतीचा, आकडा प्रत्येकाला आत कुठंतरी टोचतोय. मोटारी लावायच्या जागेवरच्या माणसानं सायकलींचा दर ठरलेला नाही म्हणून हात वर केले. शेवटी काका म्हणाले, तुम्ही तिघं जा, मी इथं थांबतो, माझं मुखदर्शन नंतर होईल. रांगेत उभं राहिल्यावर मला विठ्ठलाचं रूप आठवण्याऐवजी मागचं चाक आठवत होतं. ॲपवाल्याचा मोबाईल बाहेर जमा करावा लागला, त्यामुळे आपण दर्शन घेतल्याचा पुरावा नाही, या विचारानं तो अस्वस्थ होता. डॉक्टरांनी मात्र देवाकडे निरखून पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "इतकी वर्षं एकाच जागी उभं राहून गुडघे इतके सरळ, हे नवलच."

परत आलो तर चार सायकली भिंतीला टेकवून, कमरेवर दोन्ही हात ठेवून, पाय जुळवून काका त्यांच्यापुढे उभे होते. उजव्या पोटरीला अजून भंडारा होता. शेजारून जाणाऱ्या एका खेडुत बाईनं आधी त्यांना आणि मग सायकलींना नमस्कार केला. काकांनी वहीत त्याची नोंद केली नाही.

येताना आम्ही सायकली टेम्पोत घातल्या. आषाढीनंतर माउलींची पालखी मात्र परतही पायीच जाते. पौर्णिमेचा काला झाला की ती पंढरपूर सोडते आणि त्याच रस्त्यानं आळंदीला पोचते. जाताना लाखो माणसं असतात, येताना फार थोडी. परतवारीला कॅमेरेही नसतात आणि स्वागताच्या कमानीही.

तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा. दिवाळीनंतर जा, पहाटे लवकर निघा, मका चुकवा, उसाच्या ट्रॉलीपासून वीस हात लांब राहा, आणि जेजुरीला सायकली दुकानापासून दूर लावा. डॉक्टरांचा सल्ला असा, की चड्डीच्या गादीवर पैसे वाचवू नका. समोरून येणाऱ्या दिंडीला बघून सायकलवरून उतरा, कारण चालत्या सायकलवरून दोन्ही हात जोडता येत नाहीत. फक्त आषाढात तिकडे सायकल घालू नका. तेव्हा जावंसं वाटलं तर सायकल घरी ठेवा, एखाद्या दिंडीत भिशी भरा आणि चाला.